कचेरीतला पुकारा

वर्ध्याहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, आश्रम पाहिले ना?" एक पाहिला, पवनारचा, तोही तासभर. धाम नदीच्या काठी बसले, पाय पाण्यात सोडले, बरं वाटलं. उरलेले दिवस मी एका जुन्या कोर्टाच्या इमारतीत मोजायचा टेप घेऊन फिरत होते असं सांगितलं की समोरच्याला माझी कीव येते. येऊ दे. पस्तीस वर्षं वास्तुविशारदांच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या मनातल्या इमारतींची ड्रॉइंगं काढली. आता निवृत्त झाल्यावर माझ्या मनातल्या इमारतींची काढते, आणि त्यासाठी कुठंही जाते.

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. कारंजा घाडग्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत गेलं की लागतं, एवढं पुरे. ज्या दोन भावांची ही हकीकत आहे त्यांनी "लिवा, पण गावाचं नाव नोका टाकू" असं सांगितलं आहे. माणसांची नावंही मीच दिलेली आहेत.

नालवाडी

प्रज्ञा पुण्याच्या ऑफिसात दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती. तिची रेघ सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. पुढे ती वर्ध्याला परतली. आता नालवाडीत दोन खोल्या घेऊन राहते आणि घरांचे नकाशे करून देते. तिच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मागच्या बाजूला पेनाने लिहिलं होतं, 'लग्न आमच्या कचेरीत आहे. आठवडाभर आधी या. इमारत तुमच्या कामाची आहे.'

मी गेले. पहिल्याच सकाळी तिने तर्री घातलेले पोहे पुढे केले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू. इथं वरून लालभडक तिखट रस्सा ओततात आणि खाणाऱ्याकडे प्रेमाने बघत बसतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी. "रडू नका ताई, लग्न अजून लांब आहे," प्रज्ञा म्हणाली. नंतर गोरसपाकाचा, म्हणजे तिथल्या तुपातल्या गोड बिस्किटाचा, तुकडा दिला तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

त्या दिवशी दुपारी पायरीवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलताना तिने मला घरातली खरी अडचण सांगितली. तिचे आजोबा, म्हणजे सुखदेव आबाजी, तिच्या लग्नाला येणार नव्हते. लग्नाला विरोध नव्हता. मुलगा त्यांनीच पसंत केला होता. पण लग्न कचेरीत, म्हणजे त्यांच्या गावातल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत होतं, आणि कचेरीच्या आत पाय ठेवायचा नाही असं त्यांनी तीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

"मग दुसरीकडे करा की," मी म्हटलं.

"गावात एवढी माणसं बसतील अशी दुसरी जागा नाही. आणि जागेचं सोडा ताई. कचेरीची देखभाल लहान आबाजी करतात. आबाजींचे सख्खे भाऊ. मला दोघंही पाहिजेत. दोघांनीही मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं आहे, फक्त एकाच दिवशी कधी नाही."

भांडण असं. लहान आबाजी, म्हणजे हरिदासजी, त्या कोर्टात शिपाई होते. दाव्याची वेळ झाली की पायरीवर उभं राहून पक्षकाराचं नाव मोठ्याने तीनदा पुकारायचं हे त्यांचं काम. त्याला पुकारा म्हणतात. सुखदेवजींचा शेतात जायच्या वाटेचा दावा चालू होता. शेजाऱ्याने वाट अडवली होती. तारखेच्या दिवशी सुखदेवजी कोर्टाबाहेर सकाळपासून बसून होते, आणि तरी 'वादी गैरहजर' म्हणून दावा निकाली निघाला. ते म्हणाले, माझं नाव पुकारलंच नाही. हरिदासजी म्हणाले, तीनदा पुकारलं, तू उठला नाहीस. वकील म्हणाला पुन्हा अर्ज करू. सुखदेवजी म्हणाले, जिथं सख्खा भाऊ माझं नाव घेत नाही तिथं मी पुन्हा जाणार नाही. तेव्हापासून ते नाल्याला वळसा घालून शेतात जातात.

"खोटं कोण बोलतं?" मी विचारलं.

"तेच तर," प्रज्ञा म्हणाली. "दोघंही खोटं बोलणारे नाहीत."

फाट्यावर

प्रज्ञाला कामं उरकायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने निघाले. कंडक्टरने फाट्यावर उतरा म्हणून सांगितलं होतं. मी एक फाटा आधीच उतरले. नकाशे वाचण्यात हयात गेलेल्या बाईने हे करावं! समोर धाबा, रांगेने ट्रक, बाजूला संत्र्यांचा ढीग. चहा घेतला. धाब्यात किराणा पोचवायला आलेले एक दुकानदार त्याच गावचे निघाले, त्यांनी मला आपल्या टेम्पोत पुढे बसवलं. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, शेवटच्या वेचणीच्या. मधूनच तुरीचा पिवळा पट्टा. आमच्याकडच्या डोंगरांची सवय असलेल्या डोळ्यांना एवढं आकाश एकदम झेपत नाही.

"कचेरी पाहाले चालल्या का? पाहा, पाहा," दुकानदार म्हणाले. "माह्या पोराचंही लगन तिथंच झालं. हरिदासजीनं पुकारा केल्याशिवाय आमच्या गावात लगन लागत नाई."

मला हे माहीत नव्हतं. कोर्ट तालुक्याच्या नव्या इमारतीत गेलं, गावाने जुनी इमारत सभागृह म्हणून घेतली, आणि तिच्याबरोबर हरिदासजींचा पुकाराही ठेवून घेतला. लग्न लागायच्या आधी ते पायरीवर उभे राहतात आणि मामा, आजोबा, आत्या अशी मानाची माणसं नाव घेऊन एकेक करून पुकारतात. ज्याचं नाव येईल त्याने बाहेरून "हजर!" म्हणायचं, आत येऊन पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत बसायचं. लग्न बौद्धांचं असो, तेल्या-कुणब्याचं असो की दुकानदारांच्या घरचं, पुकारा सगळ्यांना लागतो. तीन हाकांत जो आला नाही त्याची खुर्ची तशीच रिकामी ठेवतात, दुसरं कुणी बसत नाही.

म्हणजे प्रज्ञाच्या लग्नात काय होणार हे मला टेम्पोतच कळलं. सुखदेवजींचं नाव भर मांडवात तीनदा घेतलं जाणार, आणि खुर्ची रिकामी राहणार.

कचेरी

उतरायला मी प्रज्ञाच्या गावातल्या घरीच होते, म्हणजे सुखदेवजींच्याच घरी. ऐंशीच्या पुढचा उंच, कोरडा माणूस. जेवायला पाटवडीचा रस्सा होता. आग्रह करकरून वाढला. "तुमच्याकडं असं तिखट नसते म्हणते. घ्या, गूळ घ्या वर." मग हात धुताना म्हणाले, "कचेरी मोजून राह्यल्या म्हणे. मोजा. मले तिकडचं काही सांगजा नोका." स्वर अजिबात चढलेला नव्हता, आणि म्हणूनच पुढे काही बोलायची सोय नव्हती.

आता इमारतीविषयी. वाचणाऱ्याला कंटाळा येईल, पण थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, छपराला सागवानी कैच्या, वर कवेलू, म्हणजे आपली कौलं. मधोमध उंच दालन, कोर्ट भरायचं ते. चारही बाजूंनी कमानींचा व्हरांडा. ज्याने कुणी ही बांधली त्याला इथलं ऊन पुरेपूर माहीत होतं. व्हरांड्यात सावली धरून ठेवायची, दालनाच्या वरच्या झरोक्यांतून गरम हवा जाऊ द्यायची, एवढं साधं गणित. मे महिन्यातही आत बसवतं असं म्हणतात. मी गेले तेव्हा हिवाळा सरत आला होता, तरी बाहेरून आत शिरल्यावर अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटलं. छताला जुन्या कापडी पंख्याच्या कड्या अजून आहेत आणि भिंतीत त्याच्या दोरीचं भोक. न्यायाधीशांच्या चौथऱ्यावर आता नवरानवरी बसतात. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लाउडस्पीकरवाला आपलं सामान मांडतो. तो त्यात उभा राहून इतका गंभीर दिसतो, की काय शपथ घ्यायला लावावी कळत नाही.

हरिदासजी पायरीवर वाट बघत होते. पांढरा सदरा, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. "जय भीम, बाई. प्रज्ञानं सांगतलं. काय काय धराचं ते सांगा, मी धरतो." भावापेक्षा बुटके, भावापेक्षा बोलके, आणि आवाज असा की जवळून ऐकताना आपण नकळत अर्धं पाऊल मागे जातो.

दोन दिवस आम्ही मोजत होतो. ते टेपचं एक टोक धरायचे, मी लिहायची. ते मध्येच सांगायचे, इथं वकील बसत, इथं आरोपीच्या बायका. व्हरांडा असा होता, की पायरीवर केलेला पुकारा कमानींखालून फिरत पार मागच्या कडुनिंबापर्यंत जायचा. बैलगाडीने येणारे लोक तिथं बैल सोडून, निंबाखालच्या ओट्यावर बसून राहत. पुकारा झाला की उठून यायचे.

मला एकच गोष्ट खटकत होती. मागच्या अंगाला, उत्तरेकडच्या व्हरांड्याचं तोंड विटांच्या भिंतीने बुजवलेलं होतं. बाकी सगळीकडे चुना, इथं सिमेंट. विटांचा आकारही वेगळा. कुणीतरी घाईघाईत घातलेलं बांधकाम. आत खोली होती, सतरंज्या आणि मोठाली पातेली ठेवायची.

"हे काय ध्यान आहे?" मी जरा जोरातच विचारलं. जुन्या इमारतीला असं कुणी काही चिकटवलं की माझं डोकं फिरतं.

"दप्तरखाना होता तो. जुने कागद पावसात भिजत, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंत घातली."

मी 'नंतरचं बांधकाम' असं लिहून ठेवलं आणि पुढे गेले.

निंबाखाली

तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूचं ड्रॉइंग काढायला मी कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसले. हरिदासजींना पुढे पायरीकडे पाठवलं. तिथल्या कमानींची रुंदी घ्या आणि तिथूनच मला ओरडून सांगा, एवढा तुमचा आवाज आहे तर माझी चक्कर वाचेल, असा माझा हिशेब. बसले. कुणाचा आवाज नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पेन्सिलला टोक केलं. म्हातारा झोपला असणार, असं म्हणत तणतणत पुढे गेले.

ते पायरीवर ताठ उभे होते, टेप हातात.

"अहो, सांगत का नाही?"

"सांगतलं ना. तीनदा ओरडलो, बाई."

"मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

"असं कसं होईन? मागं तर…" त्यांनी मागच्या बाजूला बघितलं, मग माझ्याकडे. मग हळूच पायरीवर बसले. मीही बसले, कारण मलाही त्याच क्षणी समजलं होतं.

"भिंत कुठल्या सुट्टीत घातली म्हणालात?" मी विचारलं.

"त्याच वर्षी," ते म्हणाले. "सुट्टीनंतर कोर्ट उघडलं, अन् पहिल्याच आठवड्यात दादाची तारीख होती."

दावा निघाला तेव्हा बैलगाडीने येणारे फार उरले नव्हते. बाकीचे एसटीने यायचे, ते पुढच्या अंगणात बसायचे. मागे निंबाखाली त्या दिवशी एकटे सुखदेवजीच होते. पुकारा झाला. कमानींखालून निघालेला आवाज नव्या भिंतीला आपटून तिथेच संपला. दोघंही खरं बोलत होते.

मला वाटलं आता हे उठतील, हसतील. पण हरिदासजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

"बाई, तुमाले एक सांगतो. कोणाले सांगतलं नाई आजवर," ते म्हणाले. "नेम असा होता, की पायरीवरून तीनदा पुकाराचं. कोणाले शोधाले जाचं नाई. पण एखादा म्हातारा, एखादी बाई दिसली नाई, त मी मागं चक्कर मारून पाह्यत जाओ. चला ना बाप्पा, नाव आलं तुमचं, म्हणो. सगळे साहेब डोळेझाक करत. त्या दिवशी काऊन नाई गेलो? तो माहा भाऊ होता म्हणून नाई गेलो. समोरचा वकील माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. मी म्हटलं, भावासाठी धावला असं कोणी म्हणाले नोको. दुसऱ्या कोणाचा दावा असता त गेलो असतो." मग म्हणाले, "भिंतीनं आवाज अडवला खरं. पाय त मीच अडवले."

इमारतींशी मी बोलून घेते, माणसांशी काय बोलायचं ते मला पटकन सुचत नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तसा ठेवायची पद्धत आहे की नाही कळेना, म्हणून ठेवला नाही. अजून त्याची चुटपुट आहे.

"लग्नात त्यांचं नाव पुकारणार आहात?" मी विचारलं.

"प्रज्ञा म्हणते नोका पुकारू, खुर्ची रिकामी दिसन. पण नाई पुकारलं, त तो म्हणन, पाहा, तवाही नाई घेतलं माह्यं नाव, आताही नाई घेत." त्यांनी टेप गुंडाळायला घेतला. "पुकारावं तरी मरण, न पुकारावं तरी मरण."

तीनदा हात वर

त्याच संध्याकाळी प्रज्ञा वर्ध्याहून आली. तिला मी सगळं सांगितलं, फक्त हरिदासजींचं मागे न जाणं सोडून. ते सांगणं माझं काम नव्हतं. प्रज्ञा आतल्या खोलीत आजोबांकडे गेली. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाली, "आत येणार नाहीत. पण निंबापर्यंत येतो म्हणाले. तो रस्त्याच्या कडेला आहे, कचेरीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं. ते ओट्यावर बसले, तीस वर्षांपूर्वी बसले होते तिथेच, असं त्यांनी स्वतःच हाताने दाखवलं. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. आम्ही ठरवलं होतं असं, की हरिदासजी पुढच्या पायरीवरून पुकारतील. मी इमारतीच्या कोपऱ्यावर उभी राहीन, जिथून दोन्ही बाजू दिसतात, आणि प्रत्येक हाकेला प्रज्ञाला कळावं म्हणून हात वर करीन. प्रज्ञा आजोबांशेजारी थांबेल. सरकारी पाहणी असावी तशा गंभीरपणे आम्ही हे करत होतो.

हरिदासजींनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि छाती भरून हाक दिली, "सुखदेव वल्द गणपत, हाजीर हाय का?" समोरच्या झाडावरचे पोपट उडाले. मी हात वर केला.

दुसरी हाक त्याहून मोठी होती. मी पुन्हा हात वर केला. ओट्यावर काही हालचाल नाही.

तिसऱ्या हाकेच्या शेवटी त्यांचा आवाज फाटला आणि खोकला आला. मी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मग माझ्याने राहवेना, मी निंबाकडे गेले.

सुखदेवजींनी मान वर केली. "काऊन बाई, सुरू नाई करत का तो?"

प्रज्ञाने तोंड फिरवलं. मी त्यांना तीन बोटं दाखवली. त्यांनी बोटांकडे पाहिलं, मग त्या विटांच्या भिंतीकडे, आणि बराच वेळ तिच्याकडेच पाहत राहिले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून हरिदासजी आले. त्यांना आम्ही असं काही सांगितलं नव्हतं, तिथेच थांबा म्हटलं होतं. पायरी सोडून, जोत्याला हात लावत, खोकत, सगळी इमारत वळसा घालून ते मागे आले होते. भावापासून चार पावलांवर थांबले. चपला काढल्या की निसटल्या कळलं नाही, अनवाणी होते.

"दादा," ते म्हणाले, "तुह्यं नाव आलं. चाल."

सुखदेवजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं उठून जातील.

"तवाच याले पाह्यजे होतं ना बे तू," ते म्हणाले.

आणि काठी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत, ओट्यावर जरा सरकून त्यांनी धाकट्याला बसायला जागा करून दिली.